पेटीने फोन केला नाही

१

अकरा हजार गुलाब एका दिवसात फुकट गेले, आणि ते ऐकून मला बरं वाटलं.

हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. या हकिगतीत लपवाछपवी करणारी माणसं आधीच आहेत, त्यांत माझी भर नको.

गुलाब रघुजीरावांचे. बेंगळुरूच्या बाहेर, व्हाइटफील्डच्या पुढे त्यांचा मळा आणि मळ्यातच शीतगृह. साल १९९७, दिवस दसऱ्याचा. हॉलंडला जायचा माल खोक्यांत भरून चार अंशांवर ठेवलेला होता, विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. परदेशी जाणारा गुलाब कळीतच जावा लागतो. संध्याकाळी सात वाजता शीतगृहाचा मिस्त्री संताजी याने दार उघडलं तेव्हा आत चोवीस अंश होते. कळ्या झकास उमलून माना टाकून पडल्या होत्या. लग्नाच्या मांडवालाही कुणी घेतले नसते ते गुलाब.

मला बरं वाटायचं कारण मात्र गुलाबांशी संबंधित नव्हतं. त्या शीतगृहात मुकुल देवस्थळीची पेटी बसवलेली होती.

पेटी म्हणजे हातभर लांबीचा पत्र्याचा डबा. तिच्या तारा खोलीचं तापमान मोजतात. दर पंधरा मिनिटांनी ती आकडा लिहून ठेवते आणि सकाळी आठला व संध्याकाळी सहाला टेलिफोनवरून राजाजीनगरातल्या मुकुलच्या कॉम्प्युटरला सगळे आकडे कळवते. मधेच थंडावा कमी झाला तर वेळेची वाट न बघता ताबडतोब फोन करते. मग राजाजीनगरातून मिस्त्रीच्या पेजरवर निरोप जातो. म्हणून कंपनीचं नाव 'निरोप सिस्टिम्स'.

ही पेटी कागदावर पहिल्यांदा काढली ती मी. १९८९ साली, आमच्या सरकारी कारखान्याच्या कँटीनमध्ये, रजेच्या अर्जाच्या पाठीवर. मी आणि मुकुल दोघेही पुण्याचे, आणि अकरा वर्षं तिथे शेजारशेजारच्या टेबलांवर होतो. तो चित्र बघून म्हणाला, "श्रीकांत, चल, नोकरी सोडू." मला क्वार्टर होतं, पेन्शन होतं आणि छातीत धडकी होती. तो गेला, मी राहिलो. आता जे. पी. नगरमध्ये त्याचं दुमजली घर आहे आणि माझी बायको सुलभा भाजी निवडताना "मुकुलभावजींनी बघा" अशी सुरुवात करते. आठ वर्षं मी ती भाजी गिळतो आहे.

दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी, मंगळवारी, रघुजीरावांचा फोन आला.

"बेहेरेसाहेब, आमच्या गुलाबांचं काय झालं ते तुम्ही शोधून द्या. दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस हवा होता. तुमचं नाव देवस्थळींनीच सुचवलं."

मुकुलला माझ्या निःपक्षपातीपणाची खात्री होती. मला नव्हती.

२

रघुजीराव हे बेंगळुरूचे जुने मराठे. घराणं तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलं आणि इथलंच झालं. त्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. दसऱ्याच्या दिवसाचा, पेटीच्या नोंदींचा.

"वाचा. सकाळी दहा वाजता मशीनचा मुख्य स्विच हातानं बंद केला. संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी चालू केला. पेटी खोटं बोलत न्हाई."

"पण मग पेटीने फोन का केला नाही?"

"स्विच कुणी हातानं बंद केला तर ती फोन करत न्हाई. बर्फ खरवडायला, साफसफाईला आपणच बंद करतो ना, मग उगाच बोंब कशाला? देवस्थळींनी तशीच बनवलीये." त्यांनी उसासा टाकला. "आणि शीतगृहाची चावी एका माणसाकडेच होती."

तो माणूस बाहेर पायरीवर बसला होता. संताजी, वय छप्पन्न, सव्वीस वर्षं याच शीतगृहात. कमरेला पट्टा होता आणि पट्ट्याला पेजर. चावी अडकवायचा आकडा मात्र रिकामा होता.

"साहेब, मी काय बी केलं न्हाई," तो म्हणाला. "आयुधपूजेला मशीन अर्धा तास बंद केलं. हळद-कुंकू लावलं, कोहळा फोडला, परत चालू केलं. दसऱ्याला दिवसभर मी गेटच्या आत पाऊल बी टाकलं न्हाई, घरीच होतो. सहाला पेजर वाजला, स्कूटर काढली, सातला इथं. बघतो तर स्विच चालूच, पण मशीन मुकं. करंट स्वल्प कमी झाला की ते असंच बसतंय. लाल बटन दाबलं, सुरू झालं. स्विचला मी हात लावलाच न्हाई."

"कागद वेगळं सांगतो."

"कागद!" तो एकदम उसळला. "ही पेटी म्हणजे सवत आणून बसवली माझ्यावर. सव्वीस वर्षं मी दाराला तळहात लावून सांगायचो, आत किती गार हाय ते. आता अण्णा, आमचे मालक, सकाळी मला विचारत न्हाईत, राजाजीनगरला फोन करून विचारतात. मी इथंच उभा असतो, साहेब. त्यांच्या समोर."

त्याला आपण काय बोलून बसलो हे कळलं आणि तो पट्ट्याच्या रिकाम्या आकड्याशी चाळा करू लागला. एवढी चीड असलेला माणूस पेटीला नालायक ठरवायला एक दिवस स्विच बंद करू शकतो, हे कुणालाही सुचलं असतं. रघुजीरावांना सुचलंच होतं.

"शुक्रवारपर्यंत थांबतो," मला गाडीपर्यंत सोडताना ते म्हणाले. "तुम्ही दुसरं काही दाखवलं न्हाई, तर शुक्रवारी पोलिसांत तक्रार. सव्वीस वर्षं माझ्या घरात जेवलाय तो, मला बी गोड वाटत न्हाई."

हातात तीन दिवस होते. मी मात्र त्या वेळी संताजीचा विचार करत नव्हतो. कागद राजाजीनगरात छापला होता, आणि राजाजीनगरात मुकुल बसत होता.

३

त्याचं ऑफिस मी प्रथमच बघत होतो. दर दिवाळीला तो बोलवायचा आणि दर दिवाळीला मला सर्दी व्हायची.

एका भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता आणि त्यावर हिरवे दिवे. प्रत्येक दिवा म्हणजे एक पेटी. गुलाबाचं शीतगृह, आइस्क्रीमची गोदामं, रेशीमकिड्यांच्या अंड्यांची थंड खोली, औषधांचा साठा. मुकुल उत्साहाने सांगत सुटला. आइस्क्रीमवाल्याला आकड्यांवरून कळलं की दुपारी जेवणाच्या सुट्टीत माणसं दार उघडं टाकतात. रेशीमवाल्याला कळलं की त्याची अंडी उन्हाळ्यात नव्हे, मार्चमध्येच खराब होतात. औषधवाल्याने आकडे बघून जुनं मशीन बिघडायच्या आधीच बदललं.

"धंदा कुठलाही असो, श्रीकांत, प्रत्येकाला वाटतं आपल्याला आपली खोली माहीत आहे. पेटी लावल्यावर कळतं, काहीच माहीत नव्हतं."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना माझी दाढ दुखायला लागली. हेच वाक्य मी कँटीनमध्ये बोललो होतो. जवळजवळ हेच.

"आता कामाचं बोल. पेटीच्या नोंदी कोण बदलू शकतं?"

"पासवर्ड तिघांकडे. मी, रम्या आणि केतकी. पण बदलणं सोपं नाही. स्विचच्या प्रत्येक बंद-चालूला पेटी ओळीने नंबर देते. नवी ओळ घुसवली किंवा जुनी काढली, तर नंबर चुकतो आणि कॉम्प्युटर ओरडतो."

"आणि पेटीच्या पोटात मूळ नोंद असेल ना?"

"तिची आठवण चार दिवसांची. त्यानंतर जुनं पुसून नवं लिहिते. रघुजीराव भांडायला आले तेव्हा सहा दिवस उलटले होते." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "पुढच्या आठवड्यात आइस्क्रीमवाल्यांच्या सगळ्या गोदामांचा करार आहे. पेटीने फोन केला नाही असं ठरलं, तर करार गेला आणि कंपनीही गेली. हे तुला सांगून ठेवतो. नंतर कुणाकडून कळायला नको."

"कागद कधी छापला?"

"सोमवारी दुपारी. त्याआधी रविवारी मी एकटाच इथे बसून सगळ्या नोंदी वाचत होतो."

माझ्या मनात उकळ्या फुटल्या. हेतू होता, पासवर्ड होता, आणि अख्खा रविवार एकांत होता. हे सगळं तो स्वतःच ताटात वाढून देत होता.

दाराबाहेर फोनच्या टेबलावर मी हात ठेवला तेव्हा तो हसून म्हणाला, "घरी फोन करायचा असेल तर कर. पण बाहेरगावचा लागायचा नाही. एसटीडी लॉक केलंय, कोड माझ्याकडे. कॉम्प्युटरची लाइन वेगळी, ती उघडी ठेवावी लागते, बाहेरगावच्या पेट्या असतात ना."

मग रम्याला भेटलो. बी.एस्सी. झालेली, राजाजीनगरातच जन्मलेली, चार वर्षांपासून इथे. नोंदींच्या फायली तिच्याकडे असत. जानेवारीत कंपनी तिला तीन महिने हॉलंडला शिकायला पाठवणार होती.

"दसऱ्याला मी नव्हते, सर. नवमीला इथली पूजा मीच केली. साहेब आइस्क्रीमवाल्यांकडे गेलेले, केतकी मैत्रिणींबरोबर म्हैसूरची रोषणाई बघायला. सगळ्या कॉम्प्युटरना हार घातले आणि दुपारी घरी. शनिवारी सण, म्हणून ड्युटी केतकीनं घेतली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्वल्प वेळ येऊन गेले, बाकी काय नाही."

केतकी परचुरे चोवीस वर्षांची, पुण्याची इंजिनिअर, जूनमध्ये रुजू झालेली. पेटीची अर्धी प्रणाली आता तिने नव्याने लिहिली होती, हे तिने पहिल्या मिनिटाला सांगितलं.

"म्हैसूरहून रात्री उशिरा आले, सकाळी सातला इथे हजर. एकटीच होते. आल्याबरोबर इथूनच आईला फोन करणार होते, पण म्हटलं आठचे आकडे येऊ देत. मग साडेनऊला केला. बाकी पूर्ण दिवस शांत. सहाला नेहमीचे आकडे आले, त्यात चोवीस दिसले, लगेच पेजरवर मेसेज टाकला. I did my job, काका."

"संताजीबद्दल काय वाटतं?"

"काय वाटायचं? दसऱ्याला सगळेच मशीनची पूजा करतात. त्याने पूजेसाठी बंद केलं असेल आणि विसरला असेल. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही."

तेवढ्यात रम्या फाइल घेऊन आत आली. केतकीने तिच्याकडे बघितलं नाही, आणि ज्या पद्धतीने बघितलं नाही ती मला चांगली ओळखीची होती. मी मुकुलच्या नव्या गाडीकडे तसंच बघत नसतो.

निघताना मी रम्याला म्हटलं, "मला नवमीचं पान पण द्या. फक्त दसऱ्याचं देऊन भागणार नाही."

४

घरी येऊन मी दोन्ही पानं टेबलावर शेजारी ठेवली.

नवमीच्या पानावर एकही बंद-चालू नव्हतं. दिवसभर मशीन सुरू.

पण संताजी म्हणत होता, आयुधपूजेला, म्हणजे इथल्या रीतीने नवमीला, अर्धा तास बंद केलं. मी रघुजीरावांना फोन लावला.

"हो तर," ते म्हणाले. "मीच कोहळा फोडला. अकराचा मुहूर्त होता. मळ्यातली चाळीस माणसं होती, मशीन बंद करूनच हळद-कुंकू लावलं. का?"

"आणि दसऱ्याला पूजा?"

"दसऱ्याला कसली? आमच्याकडे यंत्रांची पूजा नवमीला. दसऱ्याला घरी पुरणाची होळगी खायची आणि झोपायचं."

मी फोन ठेवला. मग आकड्यांवर बोट फिरवत गेलो. नवमी, पावणेअकरा: चार अंश. अकरा: पाच. सव्वाअकरा: पाच. साडेअकरा: चार. मशीन सुरू होतं म्हणे, आणि तरी खोली एका अंशाने तापली होती.

बंद-चालूचे नंबर बघितले; आधीचा आणि पुढचा नंबर पानाच्या तळाशी छापलेला असतो. नवमीच्या आधीच्या शेवटच्या ओळीचा नंबर चारशे अकरा. चारशे बारा आणि चारशे तेरा दसऱ्यावर: बंद, चालू. पुढे चारशे चौदा, सोमवारचा.

नवमीला मशीन बंद-चालू झालं हे चाळीस माणसांनी पाहिलं. म्हणजे त्या दोन ओळी असायलाच हव्यात. दसऱ्यालाही खरोखर स्विच बंद झाला असता, तर एकूण चार ओळी हव्या होत्या. होत्या फक्त दोनच. नव्या ओळी घुसवता येत नव्हत्या, म्हणून कुणीतरी नवमीच्याच दोन ओळींच्या तारखा आणि वेळा बदलून त्या दसऱ्यावर नेऊन बसवल्या होत्या.

संताजी खरं बोलत होता. दसऱ्याला स्विच चालूच होता, मशीन आपोआप बसलं होतं, आणि पेटीने फोन करायला हवा होता. नोंद राजाजीनगरात बदलली गेली होती, मशीन बसल्याचं पाप मिस्त्रीच्या गळ्यात बांधण्यासाठी.

मी अहवाल लिहायला घेतला. इतकं सुंदर अक्षर माझं कधी येत नाही. 'नोंद निरोप सिस्टिम्सच्या कार्यालयात बदलण्यात आली. बदलाचा संपूर्ण फायदा मालक श्री. मुकुल देवस्थळी यांचा होता. रविवारी ते कार्यालयात एकटे होते.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं. संताजी सुटत होता आणि मुकुल बुडत होता. सुलभा उद्यापासून भाजी निवडताना दुसरं कुणाचं तरी नाव घेणार होती.

सही करायला पेन टेकवलं आणि हात थांबला.

मुकुलने या दोन ओळी हलवल्या असत्या का?

आमच्या कारखान्यात दर नवमीला लेथ मशीनपुढे केळीचे खुंट बांधत. अकरा वर्षं. पहिल्या वर्षी आम्ही दोघं पुणेकर गोंधळलो होतो, आपल्याकडे ही पूजा दसऱ्याला, इथे आजच कशी? दुसऱ्या वर्षापासून कोहळा फोडायचा मान मुकुलकडे आला, कारण त्याचा हात मोठा. एकदा त्या कोहळ्याची फोड उडून माझ्या भुवईला लागली होती आणि तो मला स्कूटरवर घालून दवाखान्यात घेऊन गेला होता. नवमीच्या अकराच्या सुमाराला एका शीतगृहाच्या नोंदीत 'बंद' दिसलं, तर ते काय आहे हे मुकुलला झोपेतही कळलं असतं. चाळीस साक्षीदारांची ओळ उचलून दुसरीकडे नेण्याचा मूर्खपणा तो करणार नाही. रम्या तर इथलीच, तीही नाही.

त्या दोन ओळींचा अर्थ न कळणारं एकच माणूस तिथे होतं.

अहवाल आहे तसा दिला असता तर मला कुणी विचारलं नसतं. रघुजीराव माझ्या सहीवर विश्वास ठेवणार होते. सुलभा स्वयंपाकघरातून म्हणाली, "मुकुलभावजींवर काही येणार नाही ना हो?" तेव्हा तर पेन पुन्हा कागदाला टेकलंच. इतकी काळजी तिने माझ्या बढतीची कधी केली नव्हती.

मग डोळ्यांपुढे तो चावीचा रिकामा आकडा आला. आज मी अर्धं खरं लिहून मुकुलला बुडवलं, तर राजाजीनगरात ज्याने ओळी हलवल्या त्याच्यात आणि माझ्यात फरक तो काय? मी कागद फाडला. आनंदाने नाही. हळूहळू, बारीक तुकडे करत फाडला.

५

गुरुवारी सकाळी सगळे राजाजीनगरात जमले. मुकुल, रम्या, केतकी, रघुजीराव, आणि दाराजवळ उभा संताजी. बस म्हटलं तरी तो बसला नाही.

मी दोन्ही पानं दाखवली. नंबर दाखवले, नवमीचे पाच अंश दाखवले. रघुजीरावांचा चेहरा लाल होत गेला. त्यांनी संताजीकडे बघायचं टाळलं आणि मुकुलकडे बघितलं.

"म्हणजे तुमच्या ऑफिसात हे झालं. फायदा तुमचा. रविवारी तुम्ही होता."

मुकुलने चष्मा काढून हातात धरला. तो माझ्याकडे बघत होता.

"त्याने केलं नाही," मी म्हटलं. हे तीन शब्द बाहेर काढताना जेवढा त्रास झाला तेवढा दाढ काढतानाही झाला नव्हता. "अकरा नवमी मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्या ओळी पूजेच्या आहेत हे त्याला पहिल्या नजरेत कळलं असतं, आणि पूजा चाळीस माणसांदेखत होते हेही. या ओळी हलवणाऱ्याला वाटत होतं, यंत्रांची पूजा दसऱ्याला असते. म्हणजे माणूस आमच्याकडचा, आणि इथली एकही नवमी न पाहिलेला."

केतकीचा रंग उडाला.

"हे proof नाही, काका."

"नाही. पण तू मला सांगितलंस, दसऱ्याला साडेनऊला इथून आईला पुण्याला फोन केला. या फोनवरून बाहेरगाव लागत नाही. लागतं फक्त कॉम्प्युटरच्या लाइनवरून. त्यासाठी कॉम्प्युटरची तार काढून साधा फोन लावावा लागतो. नंतर ती तार परत कधी लावलीस?"

भिंतीवरच्या नकाशात दिवे लागलेलेच होते.

"सहाला लावली असणार," मीच म्हटलं. "सहाचे आकडे आले नाहीत म्हणून बघायला गेलीस, तेव्हा दिसली लोंबकळताना. पेटी सकाळी दहापासून फोन करत होती, केतकी. इथे उचलायला कुणी नव्हतं."

"मी तिथेच बसले होते," ती पुटपुटली. "सगळा दिवस. तीन फुटांवर." मग एकदम तिचा आवाज चढला. "एक तार विसरले! एक तार! आणि त्यासाठी जायचं तर कुणी जायचं, मीच ना? रम्या विसरली असती तर सर म्हणाले असते, होतं असं."

"आईशी काय बोललीस?" मी विचारलं.

रघुजीराव चमकले. त्यांना हा प्रश्न निरर्थक वाटला असावा. पण मत्सराची चव मला ठाऊक आहे, ती कुठल्या बाजूने जिभेवर येते तेही ठाऊक आहे. तार विसरायला माणूस कशाने तरी भरलेला असावा लागतो.

केतकी रडायला लागली. "आई म्हणाली, तू इंजिनिअर, आणि हॉलंडला ती बी.एस्सी. कशी जाते? मी फोन ठेवला आणि... मला काही दिसतच नव्हतं. अर्धी सिस्टिम मी लिहिली. फायली लावणारी मुलगी जाणार!"

रम्या पांढरीफटक पडली होती. "केतकी, मला पेट्या दुरुस्त करायला पाठवतायत," ती हळू म्हणाली. "तुला नाही पाठवत कारण तू गेलीस तर इथं सगळं बंद पडतं. साहेब रोज म्हणतात."

"मला तर कधी म्हणाले नाहीत," केतकी म्हणाली.

मुकुलने मान खाली घातली. मला तो तेव्हा प्रथमच म्हातारा दिसला, आणि मला वाटलं होतं तेवढा आनंद त्यात नव्हता.

"ओळी कधी हलवल्यास?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी, मशीन सुरू झाल्याचा निरोप आल्यावर. बंद-चालूच्या कुठल्यातरी ओळी हव्या होत्या. आदल्या दिवशीच्या दोन दिसल्या. मला वाटलं कुणीतरी साफसफाई केली असेल, कोण लक्षात ठेवतंय?" ती दाराकडे वळली. "संताजीकाका, पोलिसांपर्यंत जाईल असं मला खरंच वाटलं नव्हतं."

संताजीने तिच्याकडे बघून मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

६

रघुजीरावांनी खिशातून चावी काढून पुढे केली. "घे रे. चुकलं आमचं."

संताजीने हात पुढे केला नाही.

"अण्णा, पेटीची चूक न्हाई. ती बिचारी दिवसभर बोंबलत होती, हे आता कळलं. तिच्यावरचा माझा राग गेला." त्याने पट्ट्याचा पेजर काढून टेबलावर ठेवला. "पण तुम्ही मला एकदा बी विचारलं न्हाई. कागद आला आणि तुम्ही चावी काढून घेतली. सव्वीस वर्षं. मला आता बेडा, नको ती चावी." आणि तो निघून गेला. त्याच्या मागे रघुजीराव 'संताजी, अरे संताजी' करत जिना उतरले, ते वरून बराच वेळ ऐकू येत होतं.

मुकुलने त्याच दुपारी आइस्क्रीमवाल्यांना फोन करून सगळं सांगितलं. पेटीने फोन केला होता, आमच्याकडे उचलला गेला नाही. करार गेला नाही, पण अर्ध्यावर आला, आणि पहिली अट अशी की सुट्टीच्या दिवशी दोन माणसं हवीत. केतकीला त्याने काढलं. पुण्याच्या गाडीत बसवायला मात्र स्वतः गेला.

संध्याकाळी ऑफिसात आम्ही दोघंच उरलो. त्याने कॉफी मागवली.

"एक विचारू?" मी म्हटलं. "माझं नाव का सुचवलंस? शहरात काय इंजिनिअर नाहीत?"

तो कॉफी ढवळू लागला.

"मला भीती होती, पेटीतच खोट असेल. खरंच होती. रविवारी दिवसभर शोधली, सापडली नाही. मग म्हटलं, ती शोधायला जीव तोडून झटेल असा माणूस हवा. मित्र उपयोगाचा नाही, मित्र सोडून देतो." त्याने माझ्याकडे बघितलं, हसला नाही. "आठ वर्षं तू माझ्यावर जळतोयस, श्रीकांत. तुझ्याइतकं बारीक माझ्या पेटीकडे कोण बघणार होतं?"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दिवाळीच्या सगळ्या सर्द्या, न बघितलेली गाडी, लग्नकार्यात दुसऱ्या पंगतीला बसणं, यांतलं काहीही लपलं नव्हतं. मी एवढा सांभाळून होतो.

"आणि मी तुलाच अडकवलं असतं तर?"

"ती भीती मंगळवारपासून होती," तो म्हणाला. "झोपलो नाही नीट."

मी कॉफी संपवली आणि उठलो. जिना उतरताना मला स्वतःची लाज वाटली, हे खरं. पण त्याहून खरं हे की हा माणूस मला एवढा पुरता ओळखून होता आणि मी त्याला अजिबात नाही, याचाही मला हेवा वाटला.